पोटातली बुरशी : घरची की पाहुणी?

जिज्ञासू : डॉक्टर, 'बुरशी' हा शब्द आपल्या यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी पोचला तो २०२१ च्या उन्हाळ्यात. कोविडमधून उठलेला माणूस, साखर वाढलेली, स्टेरॉइड घेऊन झालेलं, आणि थोड्याच दिवसांत गाल सुजलेला, डोळ्यामागे ठणका. अँफोटेरिसिन या बुरशीनाशकाच्या कुप्यांसाठी लोकांनी नागपूर पालथं घातलं. त्याच मे महिन्यात शेजारच्या वर्ध्यातल्या कारखान्यात ते इंजेक्शन तयार व्हायला लागलं, तेव्हा कुठे जरा धीर आला. तेव्हापासून बुरशी म्हणजे बाहेरून नाकावाटे शिरणारी, डोळा काढायला लावणारी, एवढंच लोकांच्या मनात बसलं. पण जी बुरशी आपल्या आतड्यात वर्षानुवर्षं राहते तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. धडधाकट माणसाच्या शौचाचा नमुना तपासला तरी त्यात कँडिडा सापडतो, पाव आणि दारू आंबवणाऱ्या सॅकरोमायसिसच्या जाती सापडतात, डोक्यात कोंडा करणारा मॅलेसेझियासुद्धा सापडतो. जनुकं मोजली तर पोटातल्या एकूण जंतूंमध्ये बुरशीचा वाटा हजारात एकाच्या आसपास. म्हणून ती इतकी वर्षं दुर्लक्षित राहिली. पण बुरशीची एक पेशी जिवाणूच्या पेशीपेक्षा आकारमानानं शंभरपटीच्या घरात मोठी असते. संख्येनं थोडी म्हणून कामानंही थोडी, हे गृहीत कशाला धरायचं?

साशंक : सापडते, हे मान्य. पण सापडणं आणि राहणं यांत फरक आहे, आणि राहणं आणि आजार करणं यांत त्याहून मोठा फरक आहे. या बुरशीचा इतिहासच चुकीनं सुरू होतो, मॅडम. १८३९ मध्ये लँगेनबेक नावाच्या जर्मन डॉक्टरला टायफसच्या रुग्णाच्या तोंडा-घशात पांढरे चट्टे दिसले आणि त्यात बुरशी दिसली. त्याला वाटलं, टायफसचं कारण सापडलं. प्रत्यक्षात आजारानं खंगलेल्या शरीरात कँडिडाला मोकळं रान मिळालं होतं, इतकंच. जे मागून आलं त्याला त्यानं कारण समजलं. आज सूक्ष्मदर्शकाच्या जागी जनुकं वाचणारं यंत्र आलंय, पण चूक तीच होऊ शकते. मी तीस वर्षं या जिल्ह्यात रुग्ण बघतोय. तान्ह्या बाळाच्या जिभेवर दह्यासारखा थर दिसतो, मधुमेही बाईला खाज सुटते, क्षयाचा रुग्ण गिळताना कळवळतो. दरवेळी बुरशी दिसते आणि दरवेळी तिच्याआधी काहीतरी घडून गेलेलं असतं.

आणि राहण्याबद्दल म्हणाल, तर २०१८ मध्ये अमेरिकेत मोजक्या निरोगी माणसांवर एक साधा प्रयोग झाला. त्यांना दात जास्त काळजीनं घासायला लावले, तर शौचातला कँडिडा कमी झाला. यीस्ट नसलेलं जेवण दिलं, तर सॅकरोमायसिस दिसेनासा झाला. म्हणजे ज्याला आपण आतड्यातला रहिवासी म्हणत होतो तो तोंडातून गिळलेला किंवा ताटातून आलेला पाहुणा होता. एसटी स्टँडवर उभी असलेली माणसं मोजून गावाची लोकसंख्या सांगता येत नाही.

जिज्ञासू : तो प्रयोग मलाही महत्त्वाचा वाटतो. पण स्टँडवर रोज तीच माणसं उतरत असतील, तर गावाचा बाजार त्यांच्यावरच चालतो, हेही खरं ना? पाहुणा रोज येत असेल, तर आपली प्रतिकारशक्ती त्याला रोज भेटते. आणि ती त्याला ओळखते, याचा पुरावा पक्का आहे. आपल्या पांढऱ्या पेशींवर डेक्टिन-१ नावाचं एक ग्राहक प्रथिन असतं. बुरशीच्या भिंतीतली शर्करा ओळखणं हेच त्याचं काम. २०१२ मध्ये इलिएव्ह आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्या उंदरांत हे प्रथिन नाही त्यांच्या आतड्याची सूज जास्त उग्र होते, आणि ती त्यांच्या पोटातल्या बुरशीमुळेच वाढते. औषधांना दाद न देणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या माणसांमध्येही याच जनुकाचा एक वेगळा नमुना जास्त आढळला. नुसत्या पाहुण्यासाठी शरीर दारावर पहारेकरी बसवत नाही.

आणि ती ओळख दरवेळी भांडणाचीच असते असंही नाही. २०१९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांना दिसलं की माणसाच्या शरीरात बुरशीविरुद्ध काम करणाऱ्या पेशींचा मोठा भाग कँडिडाच्याच ओळखीवर तयार झालेला असतो. कँडिडाशी रोजची झटापट करून शिकलेल्या त्या पेशी मग इतर बुरश्यांनाही ओळखतात. उंदरांना अँटिबायोटिक देऊन जिवाणू मारले आणि नंतर पोटात फक्त कँडिडा किंवा सॅकरोमायसिस सोडला, तरी जिवाणूंमुळे मिळणारं बरंचसं संरक्षण परत आलं. म्हणून मी तिला शत्रू म्हणत नाही. मी म्हणते, तिच्याशी आपलं नातं आहे.

साशंक : नातं हा शब्द चांगला आहे, पण माझ्या खोलीत बसलेल्या रुग्णाला तो लागू पडतो का ते बघावं लागतं. उदाहरण देतो. क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्या आजारात रुग्णांच्या रक्तात पावाच्या यीस्टविरुद्ध प्रतिपिंडं वाढलेली असतात, हे १९८८ पासून माहीत आहे. पाश्चात्त्य देशांत ती तपासणी निदानाला मदत म्हणून वापरली गेली. आपल्याकडे पोट दुखतं, वजन घटतं, अधूनमधून ताप येतो, लहान आतड्याच्या टोकाशी व्रण दिसतात, असा रुग्ण आला की पहिला प्रश्न असतो, हा आतड्याचा क्षय की क्रोन्स? दोन्ही सारखेच दिसतात. एकाचा उपचार दुसऱ्याला घातक. क्षय असताना स्टेरॉइड दिलं तर माणूस हातचा जाईल. वाटलं होतं, ही यीस्टची तपासणी आपली अडचण सोडवेल. भारतात तपासून पाहिलं तेव्हा आतड्याच्या क्षयातही तीच प्रतिपिंडं वाढलेली निघाली. म्हणजे आतड्याची भिंत कुठल्याही कारणानं उसवली की पलीकडचं यीस्ट आत डोकावतं आणि शरीर त्याची नोंद करतं. परदेशात जे रोगाकडे दाखवणारं बोट वाटलं ते आपल्याकडे नुसतं उघड्या दाराचं लक्षण ठरलं.

आणि मी बुरशीच्या नावावर आशा विकली गेलेलीही पाहिली आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत एक पुस्तक आलं. थकवा, डोकेदुखी, उदासी, सगळ्यामागे पोटातलं यीस्ट, असं सांगणारं. लाखो लोकांनी साखर सोडली, गोळ्या घेतल्या. १९९० मध्ये ४२ स्त्रियांवर नीट चाचणी झाली. बुरशीनाशक निस्टॅटिननं जननमार्गाचा त्रास कमी झाला. पण थकवा, उदासी यांवर ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. आज तेच सगळं 'कँडिडा क्लीन्स' या नावानं आपल्या मोबाइलवर येतंय.

जिज्ञासू : ती चाचणी मला तुमच्याइतकीच प्रिय आहे. वाईट प्रश्नाला तिनं चांगलं उत्तर दिलं. पण तेव्हा प्रश्न होता, 'यीस्ट आहे की नाही?' आता प्रश्न बदललाय. २०१६ मध्ये कँडिडा अल्बिकन्सचं एक विष सापडलं, कँडिडालायसिन. बुरशीचे तंतू वाढताना ते सुटतं आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशींना भोकं पाडतं. २०२२ मध्ये कोलायटिसच्या रुग्णांच्या पोटातले कँडिडाचे वाण वेगवेगळे करून पाहिले, तेव्हा एकाच जातीचे काही वाण पेशींची नासधूस करणारे आणि काही निरुपद्रवी निघाले. म्हणजे नुसता 'कँडिडा' म्हणणं म्हणजे नुसतं 'बी' म्हणण्यासारखं. कापसाचं बी घेताना आपल्याकडचा कोणता शेतकरी वाण विचारल्याशिवाय पाकीट उचलतो?

साशंक : वाणाचा मुद्दा मला पटतो. जनुकं मोजून काढलेल्या बऱ्याच निष्कर्षांवर माझा विश्वास बसत नाही तो त्याच कारणानं. २०१९ मध्ये मोठ्या नियतकालिकात आलं की स्वादुपिंडाच्या कर्करोगात मॅलेसेझिया वाढलेला असतो आणि तो गाठीला बळ देतो. जगभर बातम्या झाल्या. २०२३ मध्ये दुसऱ्या गटानं तीच मूळ माहिती पुन्हा तपासली, तर स्वादुपिंडातली बुरशी आणि कर्करोग यांचा संबंध त्यांना दिसला नाही. नमुन्यात बुरशी इतकी कमी असते की हवेतली, हातमोज्यावरची, रसायनातली भेसळही उत्तर बदलू शकते. माझ्या लेखी ही लबाडी नाही, अडचण आहे. पण पहिली बातमी वाचून घाबरलेल्या माणसाकडे दुसरी बातमी पोचत नाही.

बुरशीनं आजार होतो हे सिद्ध कसं होतं, त्याचं उदाहरण आपल्या दख्खनच्या पठारावरच आहे. १९९५ मध्ये कर्नाटक आणि आंध्रच्या काही गावांत पोट दुखणं, गुरगुरणं, जुलाब अशी साथ आली. अवकाळी पावसात भिजून बुरसटलेली ज्वारी आणि मका लोकांनी खाल्ला होता. धान्यात फ्युमोनिसिन सापडलं. ज्या घरी आजार होता त्याच घरचं धान्य कोंबड्यांच्या एक दिवसाच्या पिलांना घातलं, तर त्यांनाही जुलाब झाले. कारण, मात्रा, परिणाम, तिन्ही हातात. यवतमाळात काढणीच्या वेळी पाऊस आला की ज्वारी काळी पडते, हे काय सांगायला हवं? चांगली विकायची आणि काळी घरी खायची, हेही मी पाहिलंय. मला विचाराल तर बुरशी आणि पोट यांच्या संशोधनाचा पहिला पैसा त्या काळ्या ज्वारीवर खर्च व्हावा.

जिज्ञासू : तिथे मी तुमच्याबरोबर आहे. पण त्याच ज्वारीत माझाही प्रश्न आहे. २०१९ मध्ये जपानी आणि भारतीय संशोधकांनी दोन्ही देशांतल्या लोकांच्या शौचाचे नमुने ताडून पाहिले. भारतीयांच्या पोटात कँडिडा जास्त आणि त्याच्या जोडीला प्रेव्होटेला नावाचे जिवाणूही जास्त. मग प्रयोगशाळेत त्यांना दिसलं की धान्याच्या कोंड्यात जी अरॅबिनोझायलन नावाची शर्करेची लांब साखळी असते, तिच्यावर कँडिडा झपाट्यानं वाढतो, आणि वाढताना जे मागे टाकतो त्यावर प्रेव्होटेला जगतो. जंतुविरहित उंदरांच्या पोटात प्रेव्होटेला एकटा सोडला तर टिकत नव्हता. आधी कँडिडा वसलेला असेल, तर त्याच्यामागून तोही वसत होता. मला हे वाचून अंगावर काटा आला होता. ज्याला पुस्तकात आम्ही संधिसाधू रोगजंतू शिकवतो तो इथे भाकरी खाणाऱ्याच्या पोटात दुसऱ्यासाठी जमीन तयार करतोय.

आता आपल्याकडे बघा. दोन पिढ्यांपूर्वी या जिल्ह्यात ज्वारीची भाकरी, ज्वारीच्या कण्या, उन्हाळ्यात आंबील. मग शेतात सोयाबीन आलं, ताटात रेशनचा गहू आणि तांदूळ आला. झरी-जामणीच्या, मारेगावच्या कोलाम पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, मोहफुलं गोळा होतात, शिंदीची झाडं आहेत. मोहाचा सडवा घालताना विकतचं यीस्ट घालावंच लागतं असं नाही. फुलावरचं आणि भांड्यातलं रानटी यीस्ट ते काम करतं. इतक्या जवळून बुरशीबरोबर जगणाऱ्या लोकांच्या आतड्यातलं जग पाश्चात्त्य देशांतल्या माणसासारखं असेल, असं आपण का मानावं? तिथे ठरलेलं 'निरोगी' आपल्याला कसं लागू होईल?

साशंक : थोडं सावकाश. आंबील आंबवल्यावर शिजवतात. सडव्याची दारू उकळून काढतात. त्यातलं यीस्ट जिवंत पोटात पोचत नाही. ताजी शिंदी, घरचं ताक, हे वेगळं. पूर्वीचं सगळं जिवंत आणि आताचं सगळं मेलेलं, असं चित्र मनात तयार होतं तेव्हा मी सावध होतो. माझ्या आठवणीतल्या त्या ज्वारीच्या पिढीत जंत होते, हगवण होती, दोन वर्षांच्या आत गेलेली मुलं होती. आणि उंदरातलं म्हणाल तर, जंतुविरहित पिंजऱ्यातला उंदीर म्हणजे पेरणीआधीचं रिकामं शेत. माणसाचं पोट म्हणजे तणासकट भरलेलं शेत. एका ठिकाणी उगवलं म्हणून दुसऱ्या ठिकाणी उगवेलच असं नाही.

जिज्ञासू : भरलेलं शेत कोणी उपटलं, हेही मग विचारायला हवं. आपल्या देशातल्या २७ अतिदक्षता विभागांचा एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये आला. दर हजार दाखल रुग्णांमागे साडेसहाजणांच्या रक्तात तिथेच कँडिडा शिरला होता, आणि त्यात सगळ्यांत जास्त होता कँडिडा ट्रॉपिकॅलिस. अमेरिकेत अस्थिमज्जा बदललेल्या रुग्णांमध्ये तर पाहिलंय की रक्तात बुरशी येण्याआधी ती आतड्यात फोफावलेली असते, आणि तिच्यासाठी जागा अँटिबायोटिकनं रिकामी केलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये धोकादायक बुरश्यांची पहिली यादी काढली. त्यात वरच्या गटात चार नावं आहेत आणि त्यांतली दोन कँडिडाची. इथे तर तुम्ही मागता तसं कारण, वाट आणि परिणाम सगळं आहे.

साशंक : आहे. इथे मी वाद घालत नाही. पण तुम्हीच सांगितलेल्या गोष्टीत पहिलं कारण काय निघालं? अँटिबायोटिक. मग उपाय बुरशी मारणं की अँटिबायोटिक आवरणं? मला भीती आहे ती याच ठिकाणी. आजार पोटातल्या बुरशीचा, असं एकदा लोकांच्या कानावर गेलं की औषधाच्या दुकानात फ्लुकोनाझोलसारखं बुरशीनाशक मागितलं जाईल आणि मिळेलही. नायट्याचं काय झालं ते बघा. गेली दहा-बारा वर्षं गजकर्ण-नायटा इतका चिवट झालाय की त्यामागच्या बुरशीला २०२० मध्ये भारताच्या नावावरून 'इंडोटिनी' असं नवं नाव मिळालं. त्यामागे दुकानातून सहज मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं आहेत, अर्धवट सोडलेले उपचार आहेत. आता पोरंसोरंही इट्राकोनाझोल आठवडेच्या आठवडे गिळतात. आणि २०१७ आपण विसरू शकत नाही. कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं गेली. काय मिसळायचं, किती मिसळायचं, हे अनेकांना दुकानदार सांगत होता. अर्धं ज्ञान बाटलीत भरून विकलं जातं तेव्हा ते कोणाच्या अंगावर उडतं, हे यवतमाळला वेगळं सांगावं लागत नाही.

जिज्ञासू : डॉक्टर, तुमची भीती खरी आहे, पण तिनंच माझी बाजू उभी केली. ती इट्राकोनाझोलची कॅप्सूल कातडीवर लावत नाहीत, गिळतात. ती आतड्यातून जाते. २०१६ मध्ये उंदरांना दीर्घकाळ फ्लुकोनाझोल दिलं, तर त्यांच्या आतड्याची सूज वाढली आणि श्वासनलिकेची ॲलर्जीही वाढली, कारण एक बुरशी मेली आणि दुसऱ्या बुरश्यांनी ती जागा घेतली. म्हणजे आपल्या गावोगावच्या पोटांवर प्रयोग सुरूच आहे. फक्त त्याची वही कोणी ठेवत नाही. तुम्ही म्हणता, पुरावा येईपर्यंत हात लावू नका. हात तर कधीच लागलाय. आता न बघणं ही सावधगिरी कशी म्हणायची?

साशंक : हे मला मान्य करावं लागेल. मी 'थांबा' म्हणत होतो ते उपचाराबद्दल, आणि नकळत ते बघण्यालाही लावत होतो. ठीक. पण बघायचं तर कसं, ते मी सांगतो. शंभर माणसांचे एकेकदा नमुने घेऊन, आजारी इकडे आणि निरोगी तिकडे, असे दोन ढीग करू नका. त्यातून पुन्हा लँगेनबेकच निघेल. एकाच माणसाचे पुन्हापुन्हा घ्या. आदल्या दिवशी काय खाल्लं ते लिहा. तोंडातला नमुना वेगळा घ्या, म्हणजे गिळलेलं किती ते कळेल. जातीवर थांबू नका, वाणापर्यंत जा. आणि औषधाच्या आधी, चालू असताना आणि नंतर, असं तीनदा बघा.

जिज्ञासू : त्यासाठी आपल्याकडे क्षयाचे रुग्ण आहेत. सहा महिने उपचार, त्यात रिफॅम्पिसिनसारखं जिवाणूंवर सरसकट चालणारं औषध, आणि महिन्याच्या महिन्याला येणारा माणूस. जिवाणू हटले तर बुरशी किती वाढते, उपचार संपल्यावर मागे येते का, भाकरी खाणाऱ्यात आणि पोळी खाणाऱ्यात फरक पडतो का, हे पुण्या-मुंबईपेक्षा यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारात जास्त नीट कळेल. आणि एक गोष्ट विचारू? जुलाब झालेल्या मुलाला तुम्ही पाकिटातली बुलार्डीची भुकटी देता ना?

साशंक : देतो. आधी मीठ-साखरेचं पाणी आणि झिंक, मग कधी कधी ती.

जिज्ञासू : ती जिवंत बुरशी आहे. १९२० च्या दशकात बुलार नावाच्या फ्रेंच माणसानं इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या सालींपासून मिळवलेली. कॉलऱ्याच्या दिवसांत तिथले लोक त्या सालींचा काढा घेताना त्याला दिसले म्हणून.

साशंक : माहीत आहे. आणि तीच भुकटी मानेच्या शिरेत नळी घातलेल्या, अत्यवस्थ रुग्णाच्या खाटेजवळ फोडू नये, हेही माहीत आहे. तशा रुग्णांच्या रक्तात ती शिरल्याच्या नोंदी आहेत. पाकीट तेच. अंगणात खेळणाऱ्या पोराला औषध, आणि त्या खाटेवर संसर्ग. म्हणून आता माझा तुम्हाला प्रश्न असा आहे, की तुम्ही बुरशी मोजाल, वाण ओळखाल, पण ज्याच्या पोटात ती आहे त्याचं काय मोजाल?

जिज्ञासू : साखर, हिमोग्लोबिन, वजन, घेतलेली औषधं. आणि समजा, पोडावरच्या भाकरी खाणाऱ्या बाईच्या पोटात कँडिडा भरपूर निघाला आणि तिला काहीच त्रास नसला, तर तुम्ही त्याला दोष म्हणाल का?

साशंक : म्हणणार नाही. पण तिला त्रास नाही, हे आपण कशावरून ठरवणार? माझ्याकडे येणाऱ्या अशा बायांचं हिमोग्लोबिन आठ असतं. त्या दिवसभर कापूस वेचतात, रात्री चूल पेटवतात. पोटाचं काही आहे का विचारलं तर म्हणतात, काही नाही जी डॉक्टर.